‘पण तुम्ही नेमकं करता काय?’ : ऑनलाइन प्रोफाइलवर पदनाम कसं लिहावं

माझ्या प्रोफाइलवर चार वर्षं एकच ओळ होती: ‘असोसिएट, लेव्हल ३, ऑपरेशन्स’. नेमणूक पत्रावर तेच छापलेलं होतं, म्हणून मीही तेच टाइप केलं आणि विसरून गेले. काम होतं पगारपत्रकाचं, म्हणजे पेरोलचं. सातशे माणसांची हजेरी, रजा, कपाती आणि कर यांचा हिशेब लावायचा, आणि महिनाअखेरीला प्रत्येकाच्या खात्यात बरोबर रक्कम वेळेत गेली की नाही ते बघायचं. त्या ओळीवरून हे कुणाला कळणार? मला निरोप यायचे ते गोदामातल्या शिफ्टचे आणि ग्राहकसेवेच्या रात्रपाळीचे. एकदा भरतीचं काम करणाऱ्या एका बाईंनी फोनवर विचारलं, ‘ते ठीक आहे हो, पण तुम्ही नेमकं करता काय?’ मी पाच मिनिटं बोलत राहिले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की त्या पाच मिनिटांतलं पहिलं वाक्य प्रोफाइलवर असतं, तर हा फोन दोन वर्षं आधी आला असता.

मी सगळ्या चुका करून झाल्यावर जे शिकले ते इथे क्रमानं मांडते आहे. उदाहरणं मुख्यतः लिंक्डइनची आहेत, कारण नोकरीची प्रोफाइलं तिथेच जास्त असतात. पण दुसऱ्या संकेतस्थळावर नाव नोंदवत असाल, तरी पद्धत हीच.

आधी लिपीबद्दल. या लेखात मी पदनामं देवनागरीत लिहिली आहेत. तुमच्या प्रोफाइलवर मात्र ज्या लिपीत तुमच्या क्षेत्रातल्या जाहिराती येतात, त्याच लिपीत लिहा. माणूस शोधणारा रोमन लिपीत शोधत असेल आणि तुमची ओळ देवनागरीत असेल, तर दोघांची गाठ पडायची शक्यता कमी. मराठीतून काम असेल, म्हणजे अनुवाद, संपादन, अध्यापन वगैरे, तर पदनाम रोमन लिपीत ठेवून पुढे देवनागरीत दोन शब्द घालता येतात.

हाताशी काय ठेवायचं

- नेमणूक पत्र, आणि बढती मिळाली असेल तर तिचं पत्र
- शेवटचा वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म (आपण काय काय केलं, हे आपण स्वतः विसरलेलो असतो, तिथे ते सापडतं)
- तुम्हाला हव्याशा वाटणाऱ्या कामाच्या दहा-पंधरा जाहिराती
- साधी टेक्स्ट फाइल किंवा वही
- फोन, आणि जमलं तर दुसऱ्या कुणाचा तरी फोन
- तुमच्या क्षेत्राबाहेरचा एक स्पष्टवक्ता माणूस

अर्जासोबत पाठवता तो बायोडेटाही समोर ठेवा. पायरी ८ मध्ये लागेल.

१. रकाने दोन आहेत, ते वेगळे ओळखा

बहुतेक गोंधळ इथेच होतो. प्रोफाइलवर तुमच्या नावाखाली जी ओळ दिसते ती हेडलाइन. खाली अनुभवाच्या यादीत प्रत्येक नोकरीसमोर जे लिहिता ते पदनाम. लिंक्डइनवर हेडलाइनला २२० अक्षरांची मर्यादा आहे, नोकरीच्या पदनामाला १०० ची. हेडलाइनला तुम्ही हात लावला नाहीत, तर ती आपोआप तुमच्या ताज्या पदनामावरून आणि कंपनीच्या नावावरून तयार होते. माझं तेच झालं होतं.

दोन्हींचं काम निराळं. अनुभवातलं पदनाम ही नोंद आहे. नवी कंपनी नोकरी देण्याआधी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, तेव्हा पद आणि तारखा हेच आधी ताडून पाहिलं जातं. त्यामुळे तिथे कागदावर असलेलंच लिहायचं. हेडलाइन ही दारावरची पाटी. आत कोण राहतं हे रस्त्यावरून जाणाऱ्याला कळलं पाहिजे, बस. तिथे तुम्ही तुमच्या शब्दांत लिहू शकता, फक्त खोटं लिहू शकत नाही.

कागदावरचं पदनाम माझ्यासारखं निरर्थक असेल तर? ते तसंच ठेवा आणि कंसात खुलासा करा: ‘असोसिएट लेव्हल ३ (पेरोल)’. चौकशीत अडचण येत नाही आणि वाचणाऱ्यालाही अर्थ लागतो. ‘असोसिएट’ पूर्ण काढून तिथे ‘पेरोल मॅनेजर’ लिहिण्याचा मोह मला झाला होता. एका जुन्या सहकाऱ्यानं अडवलं, त्याचे आजही उपकार मानते.

हेडलाइन फक्त प्रोफाइल उघडल्यावर दिसते असं समजू नका. शोधाच्या यादीत, ओळखीसाठी पाठवलेल्या विनंतीवर, तुम्ही कुठे प्रतिक्रिया दिलीत तर तिथेही, नावाला चिकटून तीच जाते. म्हणजे बहुतेक लोक तुमचं प्रोफाइल न उघडता फक्त ही ओळ वाचतात आणि पुढे सरकतात.

२. आधी काम क्रियापदात लिहा

पदनाम सुचत नाही याचं कारण आपण नामांपासून सुरुवात करतो. ते बाजूला ठेवा. वहीत एकच वाक्य लिहा: मी काय करते, कुणासाठी, कशाच्या मदतीनं. माझं वाक्य होतं: ‘मी सातशे कर्मचाऱ्यांचे पगार दर महिन्याला मोजते आणि वेळेत जमा होतात हे बघते.’

‘हाताळते’, ‘सांभाळते’, ‘समन्वय साधते’ ही क्रियापदं आली की थांबा. समन्वय म्हणजे काय? फोन करता, तक्ता भरता, ट्रक वेळेवर लावून घेता, की दोन विभागांचं भांडण मिटवता? जे करता ते लिहा. मागच्या आठवड्यातले पाच दिवस आठवून प्रत्येक दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला ते टिपलंत, तर हे वाक्य आपोआप सुचतं. काही जणांना या पायरीवर जरा धक्का बसतो. आपण स्वतःला ‘डेटा अ‍ॅनालिस्ट’ समजत असतो आणि आठवड्यातले चार दिवस गेलेले असतात दुसऱ्यांच्या फायली एका साच्यात बसवण्यात. तसं असेल तर तेही आताच कळलेलं बरं.

३. बाजारात या कामाला काय म्हणतात ते शोधा

तुमचं वाक्य बरोबर असलं, तरी शोधणारा ते वाक्य टाइप करणार नाही. तो दोन-तीन शब्दांचं पदनाम टाइप करणार. ते कोणतं, हे अंदाजानं ठरवू नका.

जाहिराती समोर ठेवून खुणा करत जा. मी पंधरा जाहिराती घेतल्या. शीर्षकं निरनिराळी होती: पेरोल एक्झिक्युटिव्ह, पेरोल स्पेशालिस्ट, पेरोल अ‍ॅनालिस्ट, पेरोल अकाउंटंट, एचआर ऑपरेशन्स. शीर्षकावर न जाता खालचं कामाचं वर्णन वाचलं आणि जिथे माझं वाक्य जवळपास जसंच्या तसं सापडलं, त्यांच्यापुढे खूण केली. ‘अकाउंटंट’वाल्या जाहिरातींत ताळेबंद मागत होते, तो मला येत नाही. ‘एचआर ऑपरेशन्स’मध्ये भरतीची कागदपत्रं होती. उरले स्पेशालिस्ट, एक्झिक्युटिव्ह आणि अ‍ॅनालिस्ट. सगळ्यांत समान शब्द एकच, ‘पेरोल’, आणि तोच माझ्या ओळीत कुठेही नव्हता!

जाहिराती कमी सापडत असतील, तर व्यवसायांच्या अधिकृत याद्या मोफत पाहता येतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची ‘इस्को-०८’ ही यादी जगभरातली कामं ४३६ गटांत लावते; त्यात पगारपत्रकाच्या कारकुनांचा गट ४३१३ क्रमांकाचा आहे. अमेरिकेच्या श्रम खात्याचं ‘ओ-नेट’ यापेक्षा कामाचं आहे, कारण तिथे प्रत्येक व्यवसायाखाली ते काम करणारी माणसं प्रत्यक्षात कोणती पदनामं लावतात त्याचे नमुने दिलेले असतात. युरोपीय संघाची ‘एस्को’ यादी बऱ्याच भाषांत आहे. या याद्यांतलं नाव उचलून प्रोफाइलवर चिकटवायचं नाही. आपलं काम कोणत्या शेजारच्या कामांपासून वेगळं आहे, ते त्यांच्यावरून कळतं.

आणखी एक सोपी खूण. लिंक्डइनवर पदनामाच्या रकान्यात टाइप करायला लागलं, की खाली सुचवण्या दिसतात. तुमच्या मनातलं नाव तिथे येतच नसेल, तर ते तुमच्या कंपनीपुरतंच असण्याची शक्यता दाट.

४. पातळीचे शब्द जपून वापरा

एकच शब्द दोन ठिकाणी दोन उंचीवर असतो, आणि नवख्या माणसाची इथे हमखास फसगत होते.

‘एक्झिक्युटिव्ह’ घ्या. भारतात तो बहुधा सुरुवातीच्या पायरीवरच्या माणसाला लावतात: सेल्स एक्झिक्युटिव्ह, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. अमेरिकेत नुसतं ‘एक्झिक्युटिव्ह’ म्हटलं की डोळ्यांसमोर कंपनी चालवणारा माणूस येतो. ‘व्हाइस प्रेसिडेंट’ मोठ्या बँकांमध्ये मधल्या फळीत ढिगानं असतात. कारखान्यात तोच हुद्दा फार वरचा. ‘असोसिएट’ वकिलांच्या कचेरीत असेल तर तो वकील, दुकानात असेल तर विक्रेता. ‘कन्सल्टंट’ ब्रिटनच्या रुग्णालयात सगळ्यात वरचा डॉक्टर, बाहेर कुणीही. ‘प्रिन्सिपल’ शाळेत मुख्याध्यापक आणि सॉफ्टवेअरमध्ये अनुभवी इंजिनिअर.

म्हणून हे शब्द एकटे सोडायचे नाहीत. त्यांच्या शेजारी कामाचं नाव हवंच. ‘एक्झिक्युटिव्ह’ एकटा असेल तर गोंधळ, ‘पेरोल एक्झिक्युटिव्ह’ असेल तर नाही. दुसऱ्या देशातल्या नोकऱ्यांकडे डोळा असेल, तर तिथल्या जाहिराती वेगळ्या काढून पायरी ३ पुन्हा करा.

‘मॅनेजर’ लावण्याआधी स्वतःला विचारा: माझ्या हाताखाली माणसं आहेत का, की मी एखादं काम सांभाळते? दोन्ही चालतं, ‘प्रॉडक्ट मॅनेजर’च्या हाताखाली बहुधा कुणी नसतं. पण मुलाखतीत ‘टीम किती जणांची?’ हा प्रश्न येणार, आणि ‘मी एकटीच’ म्हणताना चेहरा उतरणार असेल, तर ‘मॅनेजर’ नको. ‘सीनियर’ हा शब्द कंपनीनं दिला असेल तरच. ‘हेड’ आणि ‘लीड’ यांचंही तेच. आणि एकट्यानं चालवलेल्या तीन महिन्यांच्या कामाला ‘फाउंडर आणि सीईओ’ लिहिणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

काही पदनामं तर कायद्यानं राखलेली असतात. भारतात १९७२ च्या आणि ब्रिटनमध्ये १९९७ च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या माणसाला इमारतींच्या संदर्भात स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवून घेता येत नाही. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांच्याबाबतही असे नियम अनेक देशांत आहेत. शिक्षण चालू असेल तर ‘विद्यार्थी’ किंवा ‘प्रशिक्षणार्थी’ हा शब्द त्याच ओळीत, त्याच ठिकाणी आला पाहिजे. खाली कुठेतरी लिहून भागत नाही.

५. ओळ बांधा

आता जुळणी. माझा क्रम असा: पदनाम, मग क्षेत्र किंवा खासियत, मग एखादं साधन किंवा आकडा. पदनाम सगळ्यात आधी, कारण फोनच्या पडद्यावर आणि प्रतिक्रियांखाली ओळ मध्येच कापली जाते. नेमकी कुठे कापली जाईल हे पडद्यावर अवलंबून आहे, म्हणून मी पहिल्या चाळीसेक अक्षरांत मुद्दा संपवते. २२० अक्षरं मिळाली म्हणून २२० भरायची नसतात.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी इथे सावध राहावं. संगणक काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं मोजतो. ‘व्यवस्थापक’ आपल्याला पाच अक्षरी दिसतो, तिथे तो दहा धरला जातो.

काही आधी-नंतरच्या जोड्या:

आधी: ‘असोसिएट, लेव्हल ३, ऑपरेशन्स’
नंतर: ‘पेरोल स्पेशालिस्ट | ७०० कर्मचाऱ्यांचं मासिक पगारपत्रक, कर आणि कपाती’

आधी: ‘एक्झिक्युटिव्ह’
नंतर: ‘अकाउंट्स पेएबल एक्झिक्युटिव्ह | पुरवठादारांची बिलं आणि जुळवणी, एसएपी’

आधी: ‘इंजिनिअर’
नंतर: ‘मेंटेनन्स इंजिनिअर, इलेक्ट्रिकल | पॅकेजिंग लाइन, पीएलसी’

आधी: ‘शब्दांची जादूगार’
नंतर: ‘टेक्निकल रायटर | सॉफ्टवेअरच्या वापरपुस्तिका’

आधी: ‘उद्याची पिढी घडवणारी ध्येयवेडी शिक्षिका’
नंतर: ‘गणित शिक्षिका, इयत्ता आठवी ते दहावी’

शेवटच्या जोडीवरून माझा एका मैत्रिणीशी वाद झाला. तिचं म्हणणं, ‘नंतर’वाली ओळ कोरडी आहे. आहेच. पण मुख्याध्यापकांना आठवीला गणित शिकवायला माणूस हवा असतो तेव्हा ते ‘ध्येयवेडी’ शोधत नाहीत. ध्येय मांडायला खाली ‘माझ्याबद्दल’ हा अख्खा रकाना आहे, लिंक्डइनवर २६०० अक्षरांचा. तिथे हवं तेवढं मन मोकळं करा.

आकडा घालायचा असेल तर जो कुणी विचारलं तर समजावून सांगता येईल तोच. आणि कंपनीचा आकडा असेल, तर तो बाहेर सांगायची मुभा आहे का, हेही बघा. माझ्या ‘७००’ बद्दल मी वरिष्ठांना विचारून घेतलं होतं.

६. काय गाळायचं

विशेषणं: मेहनती, प्रामाणिक, रिझल्ट ओरिएंटेड, डायनॅमिक. याच्या उलट कुणी स्वतःबद्दल लिहीत नाही, त्यामुळे ती वाचूनही काही कळत नाही.

निन्जा, गुरू, रॉकस्टार, एव्हांजेलिस्ट: या नावानं कुणी शोधत नाही. कंपनीनंच ‘हॅपिनेस ऑफिसर’ केलं असेल, तर पायरी १ मधला कंस वापरा.

लघुरूपं हा सगळ्यात छुपा सापळा. ‘पीएम’ म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, प्रॉडक्ट मॅनेजर की प्रोग्रॅम मॅनेजर? तिघांची कामं वेगळी. ‘एसई’ सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर, बांधकामावर साइट इंजिनिअर, विक्रीत सेल्स इंजिनिअर. ‘बीए’ बिझनेस अ‍ॅनालिस्ट की कला शाखेची पदवी? पदनाम नेहमी पूर्ण लिहा. लघुरूपानंच जास्त शोधलं जात असेल, तर पूर्ण नावाच्या शेजारी तेही द्या.

सजावटीच्या अक्षरांबद्दल थोडं विस्तारानं सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. काही संकेतस्थळांवर आपलं रोमन नाव टाकलं, की ठळक किंवा वळणदार अक्षरांत परत मिळतं आणि ते प्रोफाइलवर चिकटवता येतं. ती खरी ठळक अक्षरं नसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांनी मानलेल्या अक्षरांच्या सामाईक यादीत, गणितासाठी ठेवलेली ती वेगळी चिन्हं आहेत, दिसायला तेवढी अक्षरांसारखी. डोळ्यांना ‘मॅनेजर’ दिसतं, पण शोधयंत्राला तो शब्द ओळखता येईलच असं नाही. अंध व्यक्ती स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारी प्रणाली, वापरतात. त्यांना ती ओळ एकेक चिन्हाचं नाव घेत ऐकू येते, किंवा चक्क गाळली जाते. इमोजींचंही तसंच. रॉकेटचं चित्र तीनदा टाकलंत, तर ऐकणाऱ्याला ‘रॉकेट, रॉकेट, रॉकेट’ ऐकावं लागतं आणि पदनाम नंतर येतं. दोन भाग वेगळे दाखवायला साधी उभी रेघ किंवा स्वल्पविराम पुरतो.

आणि पदनाम नावाच्या रकान्यात घालू नका. आडनावापुढे ‘पेरोल तज्ज्ञ’ असं जोडलेलं मी पाहिलं आहे. नावाच्या जागी फक्त नाव असावं असा लिंक्डइनचा नियमच आहे.

७. सरळ न बसणारी प्रकरणं

*नुकतंच शिक्षण संपलंय.* ‘फ्रेशर’ किंवा ‘विद्यार्थी’ एवढंच लिहिलं, तर तुम्ही हजारोंमधले एक. जे काम हवं त्याचं नाव घ्या, आणि अजून ते मिळालेलं नाही हेही स्पष्ट राहू द्या: ‘बी.कॉम. पदवीधर, अकाउंट्स विभागात सुरुवातीचं काम शोधत आहे | टॅली, एक्सेल’. इंटर्नशिप केली असेल तर ‘इंटर्न’ शब्द लपवू नका, तो काही कमीपणाचा नाही.

*नोकरी नाही, शोधतोय.* ‘संधीच्या शोधात’ यानं ओळ सुरू करू नका. त्यातून गरज कळते, काम कळत नाही. आधी तुम्ही कोण ते: ‘पेरोल स्पेशालिस्ट, ६ वर्षांचा अनुभव | नव्या कामासाठी उपलब्ध’. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ची वेगळी सोय आहे. ती सगळ्यांना दिसेल अशी ठेवता येते, मग फोटोभोवती हिरवी पट्टी येते. किंवा फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल अशी. नोकरीत असताना गुपचूप शोधत असाल, तर एक लक्षात ठेवा: तुमच्याच कंपनीच्या भरती विभागापासून ते लपवण्याचा प्रयत्न होतो, हमी मिळत नाही.

*मध्ये खंड पडला.* आजारपण, बाळंतपण, घरच्यांची शुश्रूषा, शिक्षण. यासाठी खोटं पदनाम शोधू नका. ‘फ्रीलान्स कन्सल्टंट’ लिहिलंत की पुढचा प्रश्न ‘ग्राहक कोण होते?’ हाच असतो. लिंक्डइननं २०२२ पासून अनुभवाच्या यादीत ‘करिअर ब्रेक’ नोंदवायची सोय केली आहे, कारण निवडता येतं आणि चार ओळी लिहिताही येतात. हेडलाइनमध्ये तुमचा मूळ पेशाच राहू द्या. सहा वर्षं पेरोल केलं, मग दोन वर्षं घरी होता, म्हणून पेरोल विसरला असं होत नाही.

*पेशा बदलतोय.* इथे ओळ जरा लांब चालते: जुनं काम, नवं काम, आणि दोघांतला दुवा. ‘नर्स म्हणून ८ वर्षं, आता क्लिनिकल डेटा | वैद्यकीय नोंदी आणि एसक्यूएल’. नुसतं नवं लिहिलं तर खालचा अनुभव वाचून माणूस चक्रावतो, नुसतं जुनं लिहिलं तर नवं काम कुणी देत नाही.

*दोन कामं एकदम.* ज्यासाठी फोन यावेत असं वाटतं ते आधी. दोन्ही सारखीच महत्त्वाची असतील तर उभ्या रेघेच्या दोन बाजूंना दोन. तीन झाली की वाचणाऱ्याला एकही लक्षात राहत नाही. फोटोग्राफर, योगशिक्षक, शेअर ट्रेडर आणि वक्ता अशी चौकडी एका ओळीत असेल, तर मी तरी यांतल्या कुठल्याच कामासाठी फोन करणार नाही.

*स्वतंत्र काम.* ‘फ्रीलान्सर’ हे पदनाम नव्हे, कामाची तऱ्हा आहे. ‘ग्राफिक डिझायनर, स्वतंत्र | पुस्तकांची मुखपृष्ठं आणि वेष्टनं’. ग्राहक कामाच्या नावानं शोधतो.

८. भरा आणि तपासा

टेक्स्ट फाइलमध्ये ओळ पक्की झाल्यावरच प्रोफाइल उघडा. रकान्यातच लिहीत बसलात तर अर्धवट ओळ जतन होऊ शकते.

अनुभवाच्या यादीत बदल करताना ‘नेटवर्कला कळवा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो आधी बंद आहे ना बघा. नुसता कंस घातल्याबद्दल अभिनंदनाचे पस्तीस निरोप मला आले आणि साहेबांनी बोलावून विचारलं, ‘बढती कधी झाली?’ नवी नोकरी जोडताना फॉर्म हेडलाइनही बदलायला बघतो. तिथेही नीट वाचून मगच पुढे जा, नाहीतर कष्टानं बांधलेली ओळ पुसली जाते.

मग फोनवर उघडा. लॉग आउट करूनही पाहा, म्हणजे अनोळखी माणसाला काय दिसतं ते कळेल. बायोडेटा शेजारी ठेवून पदं आणि तारखा जुळतात का बघा. इतर ठिकाणची ओळखही त्याच वेळी सुधारा. गिटहब (प्रोग्रॅमर कोड ठेवतात ते संकेतस्थळ) आणि एक्स (पूर्वीचं ट्विटर) दोन्हीकडे परिचयाला १६० अक्षरं मिळतात. लिंक्डइनची लांब ओळ तिथे मावेलच असं नाही, म्हणून पदनाम आणि खासियत एवढीच न्या. ईमेलखालची सही विसरली जाते. माझ्या सहीत ‘ऑपरेशन्स’ पुढे आठ महिने तसंच होतं.

९. बाहेरच्या माणसाला दाखवा

यादीतला तो स्पष्टवक्ता माणूस आता लागतो. ओळ पाच सेकंद दाखवा, फोन उलटा ठेवा आणि विचारा: मी काय काम करते? कोणत्या क्षेत्रात? मला कशासाठी फोन करशील? ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. माझ्या भावानं पहिल्या मसुद्यावर उत्तर दिलं, ‘बँकेत आहेस का?’ चूक ‘कपाती’ या शब्दाची होती. त्याला कर्जाचे हप्ते वाटले. ‘कर्मचाऱ्यांचं पगारपत्रक’ हे शब्द पुढे आणले, गोंधळ संपला.

यानंतर महिनाभर ओळीला हात लावू नका. लिंक्डइन आठवड्यात किती शोधांमध्ये तुम्ही दिसलात आणि शोधणारे साधारण कोणत्या कामातले होते, ते दाखवतं. पण आकड्यापेक्षा निरोप वाचा. निरोप येतात पण चुकीच्या कामाचे, तर पदनाम चुकलंय, पायरी ३ वर परत जा. काम बरोबर पण पगार किंवा हुद्दा फार खालचा, तर पातळीचा शब्द बघा. काहीच येत नसेल, तर बहुधा पहिल्या चाळीस अक्षरांत कुणी शोधेल असा शब्दच नाही. एका वेळी एकच शब्द बदला आणि तारीख वहीत लिहून ठेवा, म्हणजे कशानं फरक पडला ते कळेल. माझ्या वहीत अशा चार तारखा आहेत. चौथ्या बदलानंतर सहा आठवड्यांनी जो फोन आला, त्यातला पहिला प्रश्न होता, ‘सातशे लोकांचा पगार तुम्ही कोणत्या सॉफ्टवेअरवर करता?’